थरकाकांची बोटं आणि एकोणीस खड्डे

थरकाका खड्ड्यात उतरले की वर फक्त त्यांची टोपी दिसायची. टोपी डावी-उजवीकडे हलली की काका रंग बघताहेत, खाली गेली की मुळं मोजताहेत आणि बराच वेळ एका जागी थबकली की माती मळताहेत, एवढं शास्त्र खड्डा खणणारे दोघे मजूर नुसते बांधावर बसून शिकले होते.

मृद सर्वेक्षण कार्यालयात काकांनी तेहतीस वर्षं हेच केलं. शेतात पुरुषभर खोल खड्डा खणून घ्यायचा, आत उतरायचं, खुरप्याने एक भिंत साफ करायची आणि तिच्यावर दिसणारे मातीचे थर वरून खालपर्यंत वाचून कागदावर उतरवायचे. किती जाड, कुठला रंग, ढेकळं कशी फुटतात, मुळं कुठवर गेली, गांडुळांनी कुठे कुठे रस्ते काढले. पगारपत्रक सोडलं तर त्यांचं खरं नाव कुठेच उरलं नव्हतं.

ही नजर घरी येताना दारात काढून ठेवायची सोय नव्हती. वाढदिवसाचा केक कापला की काका आधी सुरीने त्याची बाजू साफ करून घेत. शेजारी नवं बिऱ्हाड आलं तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी निदान केलं, "वरचा थर भुसभुशीत आहे. खाली काय आहे ते पाण्याचा नळ सामाईक झाला की कळेल." नळ सामाईक झाला आणि कळलं.

त्यांचं खरं प्रेम पोयट्यावर. पोयटा म्हणजे रेती, गाळ आणि चिकण माती यांचा असा मेळ, की कुणाचीच मिजास चालत नाही. "रेती पाणी धरत नाही, चिकण माती धरलेलं सोडत नाही," काका सांगायचे, "पोयटा पुरेसं धरतो, उरलेलं जाऊ देतो आणि मुळांनी मागितलं की देतो. असं माणूस मी अजून पाहिलेलं नाही."

"एकही नाही?" बायको विचारायची.

"घर सोडून बोलतोय."

बायको कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. डोळे मिटून, कापडाला चिमूट लावून सूत किती आणि भेसळ किती ते सांगायची. म्हणजे घरात दोन माणसं आणि दोघांचंही पोट अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये.

कारण मातीची जात शेवटी बोटांनीच कळते. चिमूटभर माती भिजवायची, मळायची आणि अंगठ्याने तर्जनीवरून पुढे दाबत तिची पट्टी काढायची. रेती असली तर करकरते. गाळ पावडरीसारखा मऊ लागतो. चिकण माती बोटाला चिकटते आणि तिची पट्टी लांबच लांब निघते, तुटता तुटत नाही. पोयट्याची पट्टी दोन-अडीच सेंटिमीटरवर आपल्या वजनाने मोडते. प्रयोगशाळेचा अहवाल यायला तीन आठवडे लागायचे आणि तो आला की त्यात काकांनी जागेवर सांगितलेलंच असायचं. त्यामुळे कार्यालयात हळूहळू अहवालाची वाट बघणंच बंद झालं.

आणि नेमकी हीच बोटं चार महिन्यांपूर्वी गेली.

गेली म्हणजे जागेवरच होती, पण बातमी देईनाशी झाली. साखरेचा आजार जुना होता. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून बोटांवर कापूस फिरवला.

"आता कुठे लागतंय?"

"अंगठ्याला," काका आत्मविश्वासाने म्हणाले.

"मी हात धुवायला उठलोय," डॉक्टरांचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून आला.

काकांनी ही गोष्ट कार्यालयात सांगितली नाही. निवृत्तीला दोन वर्षं होती. सांगितलं असतं तर खड्डा सुटला असता आणि टेबल आलं असतं. नकाशे रंगवायचे, आवक-जावक बघायची, खिडकीतून दुसऱ्यांच्या टोप्या शेताकडे जाताना पाहायच्या. काकांनी मनाशी ठरवलं, की इतक्या वर्षांनी डोळ्यांनाही माती कळत असणारच. पट्टी काढायचा अभिनय ते पूर्ववत करत राहिले. चेहरा अगदी पूर्वीसारखा एकाग्र. आकडा मात्र अंदाजाचा.

घरीही त्यांनी हे सांगितलं नव्हतं. शर्टाची बटणं एक घर चुकून लागायची, तेव्हा म्हणायचे, "घाई झाली."

अशात एका मंगळवारी ते बसड्रायव्हरच्या जमिनीवर गेले. हा गृहस्थ नुकताच निवृत्त झालेला. आयुष्यभर दुसऱ्यांना त्यांच्या गावी पोचवलं, आता स्वतः एका जागी थांबायचं म्हणून त्याने गावाबाहेर जमिनीचा तुकडा घेतला होता आणि तिथे फळबाग लावायची होती. दोऱ्या ताणून त्याने रांगा आखल्या होत्या, प्रत्येक झाडाच्या जागी खुंटी ठोकली होती. रोपं रोपवाटिकेतून आणून सावलीत ठेवली होती. नको असतील तर शनिवारपर्यंत परत घेऊ, असं रोपवाटिकेने कबूल केलं होतं.

"साहेब, एकदा मुळं खाली उतरतील का एवढं सांगा," तो खड्ड्याच्या काठावरून म्हणाला. "माणसाला खाली बघता येत नाही. गाडीत निदान आरसा असतो."

काकांनी भिंत साफ केली. वरचा वीतभर थर गडद तपकिरी, पावाच्या चुऱ्यासारखा मोकळा, मुळांनी भरलेला. मन प्रसन्न झालं. त्याच्या खाली चाकू टोचला आणि तो अडला. पुन्हा टोचला, पुन्हा अडला. ढेकूळ काढलं तर विटेसारखं. मुळं तिथपर्यंत येऊन आडवी वळलेली. काकांनी माती भिजवली, मळली, पट्टी काढली. बोटांकडून काहीच कळलं नाही. मग त्यांनी चाकूचं ऐकलं आणि लिहिलं, खालचा थर चिकण, पाणी तुंबेल, झाडांना अयोग्य. तळाशी फक्त एक नजर टाकली आणि त्या कडक थरातल्या मातीची एक पिशवी भरून वर आले.

"गवत लावा," ते म्हणाले. "झाडं नकोत."

ड्रायव्हरने रांगांकडे बघितलं. वाद घातला नाही. "ठीक आहे," एवढंच म्हणाला आणि एकेक खुंटी उपटून काखेत धरायला लागला. चार खुंट्या झाल्यावर थांबला आणि उगाच विचारलं, "चहा घेणार का?"

त्या चहामुळे काकांना घरी जेवण गेलं नाही.

बायकोने पिशवी उघडून बघितली. मातीच्या पिशव्या घरी येणं नवं नव्हतं; लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने त्यातली एक कुंडीत ओतली होती, आणि त्या गुन्ह्याची आठवण तिला अजून अधूनमधून करून दिली जायची. तिने चिमूटभर माती घेऊन नळाखाली धरली आणि बोलता बोलता मळली.

"कुठली ही?"

"एका बसड्रायव्हरची. चिकण आहे. झाडं नको म्हटलं त्याला."

"चिकण?" बायकोचा अंगठा थांबला. "अहो, ही बघा पट्टी. बोटाच्या पेरापाशी मोडली. पुन्हा काढते. मोडली. चिकण माती अशी मोडते होय? आणि आत बारीक करकर आहे. सुती कापडात थोडं जाडं सूत आल्यासारखी."

"दे इकडे."

तिने गोळा त्यांच्या हातावर ठेवला. काकांनी तो मळला, पट्टी काढली, पट्टीकडे बघत राहिले.

"काय लागतंय?" बायकोने विचारलं.

काकांनी गोळा पुन्हा मळायला घेतला.

"केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"मी तीस वर्षं गिऱ्हाइकांचे हात बघते. कोण कापड बघतंय आणि कोण नुसतं बघायचं सोंग करतंय, हे मला काउंटरच्या या बाजूने कळतं. बटणं घाईने चुकतात म्हणे. रविवारीसुद्धा कसली घाई असते तुम्हाला?"

"चार महिने," काका म्हणाले.

बायकोने त्यांचा हात धुऊन दिला, पुसला आणि सोडला नाही. "मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं की खरं झालं असतं."

दुसऱ्या हाताने तिने पिशवीचं तोंड मिटलं. मग म्हणाली, "त्या माणसाची रोपं कधी परत जाणार?"

"शनिवारी."

"अहवाल?"

"तीन आठवड्यांनी."

"मग उद्या मी दुकानात रजा टाकते," बायको म्हणाली. "आणि तुम्ही चष्मा पुसून घ्या. एवढं एकच चालू आहे तुमचं."

दुसऱ्या दिवशी दोघं खड्ड्याशी पोचले, तेव्हा ड्रायव्हर खुंट्यांची मोळी बांधत होता. काकांनी बायकोची ओळख करून दिली आणि ती साडी खोचून, शिडीवरून खड्ड्यात उतरली. आयुष्यात पहिल्यांदा काका काठावर आणि दुसरं कुणीतरी आत.

"कडक थर दिसतोय? त्यावर पाणी मार. थांब जरा. आता घे चिमूट."

"मोडली. पेरापाशीच."

"आता त्याच्या खालून घे, हातभर खालून."

"हीपण तशीच. पण अहो, इथे चाकू लोण्यात गेल्यासारखा जातोय."

"काय?"

"वरचा कडक थर चार बोटं जाड आहे. तेवढाच. खाली सगळं मोकळं. गांडुळांची भोकंसुद्धा आहेत."

काका गुडघ्यावर बसले आणि डोकं खाली घालून भिंत बघायला लागले. मग त्यांना ते दिसलं. कालही तिथेच असणार. चिकण मातीचा थर असा सुरीने कापल्यासारखा सरळ आणि एकसारखा कधी नसतो. हा थर जन्मजात नव्हताच. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगर चालवला, ओल्यात ट्रॅक्टर घातला आणि नांगराच्या तळाखालची माती दाबून दाबून वीट करून ठेवली. जात पोयट्याचीच, फक्त ठोकून बसवलेली. भिजवून बोटांवर घेतली की पहिल्या चिमटीला कळायला हवं. तेहतीस वर्षांत काकांना ते दरवेळी पहिल्या चिमटीला कळलं होतं.

"तळाला काय आहे?"

"पांढरे खडे. हरभऱ्याएवढे."

"चुन्याचे. खूप खाली आहेत, त्रास नाही." काका उठले आणि ड्रायव्हरकडे वळले. "झाडं लावा. जिथे लावणार तिथे तेवढा चार बोटांचा थर खोल खणून फोडा. मुळं वाट बघत थांबली आहेत, बघा कशी आडवी झोपली आहेत. फोडलात की ती उतरतील."

ड्रायव्हरने खुंट्यांच्या मोळीकडे बघितलं. "साहेब, काल ही माती वेगळी होती?"

सांगायला बऱ्याच गोष्टी होत्या. वाळलेला थर फसवतो, उजेड कमी होता, वगैरे. बायको खड्ड्यातून मान वर करून बघत होती.

"माती तीच आहे," काका म्हणाले. "माझ्या बोटांना कळत नाही आता. काल मी अंदाजाने लिहिलं."

ड्रायव्हरने मोळीची दोरी सोडली. "मला शेवटचं दीड वर्ष डेपोत बसवलं होतं," तो म्हणाला. "संध्याकाळी समोरच्या गाड्यांच्या दिव्यांभोवती कडी दिसायला लागली होती. मी स्वतःच जाऊन सांगितलं. वाईट वाटलं. घरी आलो आणि बायकोवर ओरडलो, तिचा काही संबंध नव्हता."

"डेपोत कसं होतं?"

"चहा बरा होता," ड्रायव्हर म्हणाला आणि पहिली खुंटी ठोकायला घेतली.

गुरुवारी सकाळी काका मॅडमसमोर उभे राहिले. मॅडम म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख. वयाने काकांहून दहा वर्षांनी लहान आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्याच हाताखाली पट्टी काढायला शिकलेल्या. काकांनी सगळं सांगितलं. बसायला सांगूनही बसले नाहीत.

मॅडमनी पेन बंद केलं. "चार महिन्यांत किती खड्डे झाले, काका?"

"बसड्रायव्हरचा धरून एकोणीस."

"आणि एवढे अहवाल आले असतील, ते कुणी उघडले नाहीत." त्या कपाटाकडे बघून म्हणाल्या. कपाटावर पाकिटांचा ढीग होता आणि ढिगावर धूळ. "ही चूक तुमच्या एकट्याची नाही. पण खड्डे आता तुम्हाला देता येणार नाहीत. सोमवारपासून टेबल."

"हो," काका म्हणाले. हे त्यांनी दारातच गृहीत धरलं होतं. "फक्त हे एकोणीस मला निस्तरू द्या. पाकिटातले अहवाल मी पाठवलेल्या मातीचे आहेत, ती थराच्या चुकीच्या ठिकाणाहून काढलेली असू शकते. भिंतीच बघायला हव्यात. ज्याची बोटं चालतात असं कुणीतरी बरोबर द्या."

"सगळे बाहेर आहेत. महिनाभर कुणी मोकळं नाही."

"मग?"

मॅडमनी टेबलाखाली पायातल्या चपला बघितल्या. खड्ड्यात उतरून त्यांना अकरा वर्षं झाली होती.

शुक्रवारी पहिल्या खड्ड्याच्या काठावर मजुरांनी त्यांच्यासाठी शिडी दोनदा हलवून बघितली. मॅडम नवीकोरी टोपी घालून उतरल्या, काका काठावर वही घेऊन बसले. मॅडमनी चिमूट भिजवली, मळली आणि गोळा वर केला. काकांचा हात आपोआप पुढे गेला. गोळा तळहातावर आला. काकांनी तो क्षणभर धरला आणि परत खाली दिला.

"तुम्हीच सांगा."

"पट्टी दोन सेंटिमीटर. मोडली. पोयटा?" मॅडमच्या आवाजात पहिल्या वर्षाचं भय होतं.

"मला विचारू नका, बोटांना विचारा."

"पोयटा," मॅडम म्हणाल्या.

काकांच्या कागदावर चार महिन्यांपूर्वी तेच लिहिलेलं होतं. त्यांनी त्यावर खूण केली आणि उगाच टोपी सारखी केली.

संध्याकाळपर्यंत चार खड्डे झाले. तीन जुळले, एक चुकला. चुकला त्या शेतकऱ्याच्या घरी काका स्वतः जाऊन सांगून आले. बोलणी खाऊन आले म्हणणं जास्त बरोबर. परत आले तेव्हा मॅडम पाचव्या खड्ड्यात होत्या आणि खालून ओरडत होत्या.

"काका, इथे रंग बदलतोय की सावली आहे? मला ठरवता येत नाही."

"मी उतरू?"

"दोघं मावणार नाहीत."

"मी भिंतीला चिकटून उभा राहीन."

शिडी करकरली. मजुरांनी बघितलं, खड्ड्याच्या काठावर आता दोन टोप्या दिसत होत्या, एक जुनी आणि एक नवीकोरी, आणि जुनी टोपी हळूहळू खाली सरकत होती, एकेक थर.