घसा बसलाय, परवा ये

ये गं, अशी जवळ बस, कागदावर का होईना. दिवाळीत आईजवळ चार दिवस राहिलीस आणि काकूला तिच्या खोलीच्या दारातूनच ‘येते हं’ करून पळालीस. काकूच्या हातचा चहा काय कडू लागतो? जाऊ दे, रागवत नाही. पण निघताना ओट्यावर लेकीला सांगत होतीस ते मी ऐकलं. "आजी फार छान गायची, एका गोऱ्यानं वाईट लिहिलं म्हणून थांबली." अर्धंच सांगितलंस पोरी. उरलेलं अर्धं माझ्या पोटात आहे.

तो गोरा लंडनचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट, तू तेव्हा बालवाडीत. त्याचं काम गाण्यांवर लिहिण्याचं. तिकडे म्हणे एक जण गातो, दुसरा ते किती वाईट होतं ते लिहितो, आणि लोक दुसऱ्याचंच आवडीनं वाचतात. दोन ओळींत भल्याभल्यांना झोपवलंय, असं तोच हसत सांगायचा. पण तिथल्या गाण्यांना कंटाळला आणि नवं काही शोधत नाशकात आला. तुझी आई पंचवटीच्या बाजारात शेवंतीच्या वेण्या करत बसायची आणि हात चालता चालता हळदीची गाणी म्हणायची. आवाज असा की गिऱ्हाईक भाव करायचं विसरायचं. गोरा तिच्यापुढे उकिडवा बसला तो उठेचना.

मग मला बोलावणं. घरात इंग्रजी फक्त मला. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं रेडिओवरच्या बातम्या आणि रद्दीत मिळालेली डिक्शनरी. त्यावरून तुझी आई मला काय काय बोलायची, ते तुला ठाऊक नाही. पाण्याला उशीर झाला की, "मडम, सायबाशी बोलणं झालं का? मग हंडा उचला." भाकरी करपली की बायकांसमोर, "ही इंग्रजीत भाजली व्हय?" बायका खिदळायच्या. मीही हसायचे, आणि एकेक शब्द जपून ठेवायचे.

तीन दिवसांनी मशीन घेऊन येतो, आवाज भरून घेतो, लंडनच्या मासिकात लिहितो, असं गोरा सांगून गेला. तुझी आई हरखली. पण मध्येच दिंडोरीला भाच्याचं लग्न. हळद, मांडव, दोन दिवस गाऊन आली ती घोगरी होऊन. दिंडोरी रोडच्या आपल्या मळ्यात गोरा मशीन मांडून बसलेला, आणि हिच्या तोंडून नुसती खरखर.

"घसा बसलाय माझा," ती मला म्हणाली. "त्याला सांग, परवा ये. परवापातूर मोकळा व्हईल. नीट सांग गं, मडम."

तेव्हासुद्धा मडम.

मी सांगितलं, "हर थ्रोट हॅज सॅट डाउन."

गोरा इतका हसला की टोपी वाफ्यात पडली. लगेच वहीत लिहून घेतलं. आपल्याकडे घसा बसतो, धंदा बसतो, पावसानं भिंतसुद्धा बसते. त्यांच्याकडे फक्त माणसं बसतात, हे काही मला रेडिओनं शिकवलं नव्हतं. ती चूक अडाणीपणाची, तिचं मला काही वाटत नाही.

पण ‘परवा ये’ मी सांगितलंच नाही. शब्द येत नव्हते असं समजू नकोस. ‘डे आफ्टर टुमारो’ मी पहिल्याच महिन्यात पाठ केलं होतं. तुझ्या आईकडे वळले आणि म्हटलं, "बाई, त्याला वेळ नाय म्हणतो. आत्ताच गा."

वेळ होता गं. दुसऱ्या दिवशी तो हरसूलचा बाजार बघून आला आणि त्या ‘परवा’ला दिवसभर पंचवटीतल्या लॉजवर केळी खात पडला होता. केळी मीच नेऊन दिली.

ती गायली. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. तिनं गळा हातानं धरला आणि पुन्हा सुरुवात केली, पुन्हा फाटला. वेण्या करणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. मी नाही घातली. मी बघत राहिले.

काही महिन्यांनी मासिक आलं. वर तिचा तोंड वासलेला फोटो, खाली मथळा, ‘बसलेला गळा’. बायका जमल्या. "वाच," ती म्हणाली. मी एक ओळ सोडली नाही. कोरड्या रहाटासारखा आवाज, गावच्या गाण्याचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा हे ऐकावं, सगळं मराठीत करून वाचलं. एक बाई फिस्सकन हसलीसुद्धा.

"घसा बसला व्हता, ते लिहिलंय का?" तुझ्या आईनं विचारलं.

"तेच तर लिहिलंय, बाई," मी म्हटलं.

तिनं अर्धी वेणी हातात घेतली आणि पुरी केली. गाणं मात्र त्या दिवसापासून बंद. कुणी आग्रह केला की म्हणते, "परवा ये." तुम्ही पोरं त्याला तिची गंमत समजता.

गोऱ्याचं त्या लेखानं नाव झालं. दोन-तीन वर्षांनी यायचा, मला गावोगाव न्यायचा. मी जीपमध्ये पुढे बसायचे, आणि तो मला खरोखरीचं ‘मॅडम’ म्हणायचा. गोड लागायचं, खोटं कशाला सांगू. दोन हजारनंतर त्याचं मासिक बंद पडलं. इंटरनेटवर जो तो गाण्यावर लिहायला लागला, याला कोण विचारतो? शेवटचा आला तेव्हा टक्कल पडलेलं. बसल्या बसल्या म्हणाला, "तो बसलेला गळा कसा आहे?" मग मी त्याला ‘परवा’चं सांगितलं. वाटलं, शरमेल, नाहीतर मला तरी चार शब्द सुनावेल.

चहाचा कप रिकामा करून म्हणाला, "बरं झालं, सांगितलं नाहीस. चांगली गायली असती तर ते कोणी वाचलं असतं?" आणि आणखी चहा मागितला. मी दिला, साखर जास्त घालून.

आता आम्ही दोघीच मळ्यात. तिचे दात गेले, माझे गुडघे. तव्यावरची पहिली भाकरी ती माझ्या ताटात टाकते आणि म्हणते, "खा, मडम." मी खाते. खरं बोलायला कितीदा तोंड उघडलं, पण एकटीनं सांगायचा धीर होत नाही. तू समोर असलीस तर सांगेन. तिनं ताट भिरकावलं तर ते उचलायलाही कुणी हवं. तेव्हा ये पोरी, लवकर ये. आणि तू तरी ‘परवा’ म्हणू नकोस.