गाय उठते तशी

दोन्ही हात धरून आमच्या यांनी मला खड्ड्यातून बाहेर ओढलं आणि तिथल्या तिथं निकाल लावून टाकला. "दिवाई झाली का हा खड्डा बुजवून टाकू. फ्रीज ठेवाले बरी जागा होईल."

खड्डा म्हणजे मागाचा खड्डा. आंधळगावातलं आमचं घर विणकरांचं. आमचा माग जमिनीलगतचा, काठावर बसायचं आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या चालवायच्या. बायकांनी कांड्यांवर सूत भरायचं आणि पुरुषांनी विणायचं ही घरची रीत. हे वरठीच्या कारखान्यात लागले, माग रिकामा पडला, तेव्हा मी हट्टानं त्यावर बसले. त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. आता मात्र गुडघे ऐकेनात. आत उतरणं जमायचं. बाहेर येताना समोरचं लाकूड धरून छाती वर ओढायची, अर्ध्यावर दम तुटायचा आणि धपकन पुन्हा खाली. मग यांना हाक मारायची. निवृत्त झाल्यापासून हे त्यासाठीच पेपर घेऊन दारात बसत.

डॉक्टरांनी सांगितलं, जमिनीवर बसणं बंद. मला त्यांचा असा राग आला! खुर्चीत बसून कोसा रेशीम कोण विणतं? मागावर अर्धी साडी अडकली होती, आणि खरं सांगते, तो खड्डा बुजला असता तर त्यात मीही बुजले असते.

नागपूरच्या लेकीनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. चांगली धडधाकट माणसं हिरवळीवर अस्वलासारखी चार पायांवर चालत होती, उकिडवी बसत होती, लोळत होती. शरीराला उपजत येतं तेच करायचं, हाच खरा व्यायाम, असं त्यांचं म्हणणं. मी पोट धरून हसले. पण मनात किडा वळवळायला लागला. मला उपजत येत होतं ते गेलं कुठं?

धानाच्या रोवणीच्या दिवसांत आसगावला बहिणीकडे गेले. ती शेतात असायची म्हणून रांधायला. घरी तिची सासू, पंच्याहत्तरीची, दिवसभर अंगणात. शेंगा निवडायला जमिनीवर बसायची, कोंबडी हुसकायला उठायची, पुन्हा बसायची. भिंत नाही, काठी नाही. दुपारपर्यंत मी मोजून दमले.

"मावशी, तुम्ही उठता कशा?"

"पायानं."

"तसं नाही वो. आधी काय करता?"

म्हातारीनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मले का माहीत? उठतो म्हणून उठतो. काहून, तुले उठता नाही येत?" मग गोठ्याकडे हात केला. "ते गाय बसली हाये, तिले विचार. तेही तशीच उठते."

मी खरंच गोठ्यात जाऊन बसले, बाजेवर. गाय कसली वस्ताद! मी बघतेय तोवर ढिम्म हलली नाही, आणि मी चहा ठेवायला वळले की उठून उभी. दोन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी सापडली. पुढचे गुडघे टेकलेले, मान पुढे झोकलेली, आणि आधी मागचं सगळं धड वर. नमस्कार घातल्यासारखी क्षणभर थांबली, मग पुढचे पाय एकेक करून सरळ केले.

आणि मी काय करत होते? आधी छाती वर ओढत होते! जड भाग खालीच ठेवून हलकं उचलत होते. धावत अंगणात गेले. म्हातारी उठत होती. कुशीवर वळली, दोन्ही तळवे भुईला, आधी कंबर वर, आणि हात सर्वांत शेवटी सुटले. तीच गाय, फक्त लुगडं नेसलेली.

मग मी गोठ्यात सुरुवात केली. पहिल्यांदा तोंडावर पडले. दुसऱ्यांदा शेणात हात गेला. दहाव्यांदा उभी राहिले तर दारात बहीण, चिखलानं माखलेली. "बाई, जमलं वो तुले. आता दूधही देऊन टाक."

महिनाभर आसगावला आणि मग घरी, रोज सकाळी दार लावून हेच केलं. गुडघे काही नवे झाले नाहीत. दुखायचे तसे दुखतच होते, फक्त माझं ऐकायला लागले.

एका दुपारी खड्ड्यात उतरले. आडवा धागा नेणारा धोटा हातात घेतला. चार बोटं विणलं. मग कुशीवर वळले, तळवे काठावर, एक गुडघा वर, दुसरा वर. चार पायांवर क्षणभर थांबले. मग कंबर, आणि शेवटी हात.

मागाचा आवाज थांबला तसे हे दारातून आत आले, मला ओढायला दोन्ही हात पुढे करून. मी समोर उभी. त्यांचे हात तसेच हवेत राहिले. मी त्या हातांत रिकाम्या कांड्यांची टोपली ठेवली.

"फ्रीज दुसरीकडे ठेवा," म्हटलं, "आणि ह्या भरून द्या."