लेव्हलची पेटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको होती तोवर तिला नाही, मुलीला नाही, आणि रविवारी माझी हत्यारं बघायला घरी येणाऱ्यांना तर नाहीच. सांगायची वेळ आली की मी विषय दुसरीकडे न्यायचो. त्यात मी तरबेज आहे. एखादी स्विस कानस पुढं करायची, तिचे दाते उजेडात धरून दाखवायचे — समोरचा माणूस विसरतो की त्याने काय विचारलं होतं. आज समोर तुम्ही आहात आणि हातात कानस नाही. बघू, किती जमतं ते.

आधी हत्यारांचं सांगतो. तेवढं मला सोपं जातं.

मी फिटर. पैठण रोडला, चितेगावच्या एका कारखान्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर जुन्या बाजाराचा नाद लागला. रविवारी सकाळी लवकर जायचं, जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रीपुढं उकिडवं बसायचं आणि गंजलेल्या ढिगात हात घालायचा. लोकांना तिथं भंगार दिसतं. मला इंग्लंडचा रंधा दिसायचा, जर्मन पाने दिसायचे, एकदा तर स्वीडनची पटाशी — मूठ गेलेली, पण पोलाद असं की धार नखावर ठेवली तर सरकत नव्हती. विकणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक नसते. आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्याला कळू द्यायचं नसतं. सगळी गंमत त्यात आहे, आणि सगळी लबाडीही. पाहिजे ती वस्तू सोडून शेजारची उचलायची, नाक मुरडायचं, उठल्यासारखं करायचं, आणि जाता जाता — "हे पण टाक त्याच्यात." असा माल मी घरी आणायचो, रॉकेलमध्ये भिजत घालायचो, घासून चमकवायचो. माझ्या खोलीत आज एक भिंतभर हत्यारं आहेत. सगळी तेल लावलेली.

एक मात्र भिंतीवर नाही. ते कपाटात, कापडात गुंडाळून आहे. ती लेव्हल.

लेव्हल म्हणजे मशीन समपातळीत बसलंय का ते बघायचं हत्यार. वीतभर लांबीचा जड लोखंडी ठोकळा, मधे काचेची नळी, नळीत बुडबुडा. ही जर्मन होती. कागदाच्या जाडीएवढा फरक पडला तरी बुडबुडा हलायचा. आमच्या कारखान्यात असली एकच होती. स्वतःच्या लाकडी पेटीत असायची, आणि पेटी टूल स्टोअरमध्ये सुदामच्या ताब्यात.

सुदाम साळवे. त्याचं नाव मी पूर्ण लिहितो, कारण त्याचं नाव हाच सगळा प्रश्न आहे.

स्टोअरची रीत अशी होती. प्रत्येक कामगाराचा एक पितळी बिल्ला. हत्यार न्यायचं तर खिडकीत बिल्ला द्यायचा, सुदाम तो खिळ्याला अडकवायचा. हत्यार परत केलं की बिल्ला परत. बिल्ला तुमच्या खिशात असेल तर तुमच्याकडे काही बाकी नाही, आणि तिथून पुढं हत्याराची जबाबदारी सुदामची. बाकीच्यांचं हत्यार तो उलटसुलट करून बघायचा, धार बघायचा, मगच बिल्ला सोडायचा. माझं बघायचा नाही. मी म्हणायचो, "बघ की रे बाबा." तो म्हणायचा, "नाना, तुमचं बघाया लागलो तर मग हे दुकान कशाला चालवू?"

आम्ही डबा एकत्र खायचो. त्याच्या घरची लसणाची चटणी आणि माझ्या घरचं पिठलं.

एका संध्याकाळी मी नवं लेथ मशीन पायावर बसवत होतो. त्याच दिवशी लेव्हल गेली. म्हणजे — मी पेटी परत केली, बिल्ला घेतला, बस पकडली; सकाळी दुसऱ्या एकाला लेव्हल हवी होती, सुदामने पेटी उघडली तर आत नुसता मखमलीचा खळगा. चौकशी लागली. सगळ्यांचे लॉकर उघडले. साहेबांनी सुदामला विचारलं, नानाने पेटी दिली तेव्हा तू उघडून बघितलीस का? सुदाम म्हणाला, बघितली. लेव्हल होती आत. मला विचारलं, परत केली का? मी खिशातून बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

एवढंच. एक शब्दही बोललो नाही. बिल्ला बोलला.

मग उरलं काय? होती, असं तो स्वतःच म्हणतोय, आणि किल्ली त्याच्याकडे. शिवाय त्याचं आडनाव ऐकल्यावर काहींना फार विचार करावा लागला नाही — हे कागदावर आलं नाही, पण कँटीनमध्ये आलं. सुदामला काढलं. पोलिसात देत नाही हे उपकार समज, असं सांगून काढलं. आणि आमच्यातला जगताप, मशीन शॉपचा, सदा टवाळ, त्याने नाव पाडलं, 'लेव्हलवाला'. सुदाम कुणाच्या लग्नात दिसला की जगताप मोठ्याने म्हणायचा, "आहेराची भांडी मोजून घ्या रे, लेव्हलवाले आलेत." लोक हसायचे. सुदामही हसायचा. मग त्याने लग्नांना येणं सोडलं. पुढं गावच सोडलं. लासूर स्टेशनला बायकोच्या माहेरी जाऊन राहिला, तिथं बाजार समितीत मापाड्याचं काम मागितलं. काटा धरायला विश्वासाचा माणूस लागतो. चितेगावची बातमी त्याच्याआधी पोचली होती. त्याला पोती उचलायचं काम मिळालं.

आता जुन्या बाजाराकडे येतो. यायलाच हवं.

निवृत्तीनंतरचा एक रविवार. माझा नेहमीचा भंगारवाला, हुशार माणूस, त्याच्या ताडपत्रीवर काळ्या चिखलाने माखलेला एक ठोकळा पडला होता. मी उचलला. हाताला वजन कळलं. अंगठ्याने चिखल पुसला तर काच दिसली, काचेत बुडबुडा अजून जिवंत. एका कोपऱ्याला चेप — तो चेप माझ्याच हातून पडलेला, मी कामावर नवा असताना. आणि बाजूला आमच्या कारखान्याचा ठोकलेला नंबर.

मी विचारलं, कुठली ही?

"चाचा, कंपनी का पुराना लेथ तोडे ना, उसके पेट में से निकली. अंदर गारे में फंसी थी. कब से पड़ी थी अल्ला जाने."

लेथच्या पोटात. म्हणजे कुणी नेलीच नव्हती. सगळी वर्षं ती कारखान्यातच होती, मशीनच्या पोकळ पायात, ऑइल आणि लोखंडाचा बुरादा थिजून बसलेल्या गाळात. जे मशीन मी बसवलं, त्याच मशीनमध्ये. भंगारवाला समोर होता, त्याचा शब्द होता, नंबर होता. त्याच सकाळी मी त्याला रिक्षात घालून कारखान्यात नेऊ शकलो असतो.

मी काय केलं? मी भाव पाडला.

खरंच. ठोकळा खाली ठेवला, शेजारचा मोडका पाना उचलला, नाक मुरडलं. "काच अंधुक झालीय रे. कुणाच्या कामाची नाही आता." सवय होती, की हाव होती? दोन्ही असेल. इतकी वर्षं शोधूनही तसली लेव्हल मला कुठं मिळाली नव्हती, आणि ती कारखान्यात दाखवली की हातची जाणार हे मला ठाऊक होतं. ती चहाच्या पैशांत माझी झाली. मी पिशवीत घालतोय तोच मागून आवाज आला.

"काय नाना, आज काय घबाड?"

जगताप. भाजी घेऊन उभा. मी पिशवीतली मेथीची जुडी ठोकळ्यावर ओढली आणि म्हणालो, "काही नाही रे. एक कानस." तो म्हणाला, "बघू." मी म्हणालो, "तुला काय कळतंय कानशीतलं, तू मेथीच्या काड्या मोज." तो हसला आणि गेला. पिशवीचे बंद माझ्या बोटांत रुतले होते. ज्याने ते नाव पाडलं तोच समोर उभा होता, हातभर अंतरावर. पिशवीतून ठोकळा काढून त्याच्या हातात ठेवला असता, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पैठण रोडला कळलं असतं.

घरी येऊन मी दार लावलं. लेव्हल रॉकेलमध्ये बुडवली. मग माझ्याकडची सगळ्यात बारीक स्विस कानस घेतली आणि तो नंबर घासून काढला. तासभर लागला असेल, जास्तही असेल. घासलेल्या जागेवर ऑइलस्टोन फिरवला. काम सफाईदार झालं. तिथं काही होतं असं आता कुणी म्हणणार नाही — मीही सिद्ध करू शकणार नाही.

तुम्ही म्हणाल, भीती वाटली असेल. पण भीती कशाची? लेव्हल मशीनमध्ये घसरून पडली, चुकून राहिली, असं म्हणालो असतो तर निवृत्त माणसाचं कोण काय करणार होतं? मग नंबर का घासला?

इथपर्यंत मी मनात अनेकदा येतो आणि परत फिरतो. आज फिरत नाही.

त्या संध्याकाळी मी लेथच्या पोकळीत हात घालून बोल्ट आवळत होतो. लेव्हल आतल्या कडेवर ठेवली होती. भोंगा झाला. बस चुकली तर पुढची तासाभराने. मी पेटी बंद करून उचलली — आणि ती हलकी लागली.

फिटरच्या हाताला वजन कळतं. डोळे मिटून पाना दिला तर मी त्याचं माप सांगतो. पेटी रिकामी आहे हे मला स्टोअरच्या खिडकीत पोचायच्या आधीच कळलं होतं. मनात म्हटलं, उद्या सकाळी लवकर येऊन आत ठेवून देऊ, सुदाम कुठं उघडून बघतोय. खिडकीत पेटी ठेवली. मागं गर्दी होती. सुदामने झाकणाला हातही लावला नाही, बिल्ला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "पळा, बस सुटंल."

सकाळी मी खरंच लवकर गेलो. पोकळीत हात घातला. कडेवर लेव्हल नव्हती. खाली घसरली असेल हे सुचलं नाही. नाही — सुचलं, पण खाली हात पोचत नव्हता, पुढचा पत्रा उतरवावा लागला असता, आणि तेवढ्यात स्टोअरमधून आरडाओरडा ऐकू आला. मी हात पुसले. पुढं मी स्वतःला पटवलं की रात्रपाळीच्या कुणीतरी आतून उचलली असणार. काही वर्षं मला हेही पटत होतं की सुदामनेच नेली असेल. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो.

पण सुदामने 'उघडून बघितली' असं का सांगितलं?

ते मला लासूर स्टेशनला कळलं. लेव्हल हाती आल्यावर दोन पावसाळे मी काढले, मग एकदा ती पिशवीत घालून गाडीत बसलो. सुदाम वाकला होता. मला बघून त्याने बायकोला हाक मारली, "अगं, नाना आले बघ, चहात साखर बेतानं टाक, शहरात समद्यांना शुगर हाय." आम्ही ओट्यावर बसलो. पिशवी माझ्या पायाशी. वाक्य मी पाठ करून गेलो होतो. तोंड उघडणार तेवढ्यात तोच बोलला.

"नाना, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. मी साहेबापुढं खोटं बोललो. पेटी मी उघडली नव्हती. पण न उघडता बिल्ला दिला म्हणलो असतो, तर समदं तुमच्यावर आलं असतं. तुम्ही नेणारे नाय, हे मला म्हाईत व्हतं. मग म्हणलं, होती आत. सापडंल कुठंतरी, दोन दिवसांत. नाय सापडली."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी कप पुढं केला. मी घोट घेतला आणि म्हणालो, "चहा छान झालाय, वहिनी."

पिशवी तशीच परत आली.

गेल्या उन्हाळ्यात सुदाम गेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी होतो. लोक पांगल्यावर वहिनी माझ्याजवळ बसल्या. हळूच विचारलं, "नाना, तुम्ही तिथं होता. त्यांनी नेली नव्हती ना?"

मी म्हणालो, "नाही, वहिनी. त्याने नाही नेली."

"मग कुणी नेली?"

मी मान हलवली. ठाऊक नाही, अशी.

म्हणून हे लिहिलंय. चितेगावच्या त्या कारखान्यात आमच्याबरोबर असलेले अजून बरेच जण आहेत, जगतापही आहे, आणि वहिनींना वाचून दाखवणारं घरात कुणी आहे. सुदाम साळवेने काही चोरलं नव्हतं. लेव्हल माझ्या कपाटात आहे. तिच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी गुळगुळीत जागा आहे, ती मी केलेली आहे.

त्या ओट्यावर बोलायचं म्हणून पाठ केलेलं वाक्य लांबलचक नव्हतं. गाडीत बसून मी ते पुन्हा पुन्हा म्हटलं होतं, खिडकीकडे तोंड करून, ओठ हलवत. सुदाम, मला माफ कर, पेटी रिकामी होती आणि ते मला ठाऊक होतं.