नमुन्यांच्या फ्रिजमधलं श्रीखंड

फ्रिजचं दार उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. आत श्रीखंडाचे डबे. वरच्या कप्प्यातल्या पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या बाहेर ओट्यावर, कोमट होऊन पडलेल्या.

दारावर लाल अक्षरांत लिहिलंय, ‘खाद्यपदार्थ ठेवू नयेत.’ मी केमिस्ट होते तेव्हा मीच ते लिहिलं. आता तळेगावच्या त्याच संस्थेत मी प्रशासन बघते, म्हणजे दिवसभर फायली ढकलते. पण कुठला फ्रिज कशासाठी, हे अजून विसरलेले नाही.

पाण्यात जंतू आहेत का हे बघायचं, तर नमुना थंड ठेवावा लागतो आणि चोवीस तासांत तपासावा लागतो. तो रात्रभर बाहेर राहिला की जंतू वाढतात नाहीतर मरतात. आकडा मिळतो, पण तो खोटा. बाटल्या कुरवंडे गावापुढच्या एका ठाकरवाडीच्या होत्या. तिथली पोरं जुलाबांनी आडवी झाली होती. टाकीचं पाणी पिण्यालायक नाही असा रिपोर्ट हातात आल्याशिवाय टँकर मिळणार नव्हता.

मी आमच्या कदमांना बोलावलं. पाहुण्यांची सरबराई त्यांच्याकडे.

“मॅडम, आज समिती येतेय. कँटीनच्या फ्रिजात जागा नव्हती,” ते म्हणाले. “एका रात्रीत पाण्याला काय होतंय?”

“पाण्याला काही होत नाही कदम. पिणाऱ्याला होतं.”

मी तडक संचालकांकडे गेले. नमुने परत आणायला गाडी मागितली.

“आज सगळ्या गाड्या समितीला,” सर म्हणाले. “जेवणानंतर त्यांना कुरवंड्याजवळचा ड्यूक्स नोजचा कडा दाखवायचाय. नमुने पुढच्या आठवड्यात घ्या.”

“तोवर पोरांनी कुठलं पाणी प्यायचं, सर?”

“आज तमाशा नको.”

मला भयंकर राग आला. समिती येणार होती ती आमचं विज्ञान तपासायला, आणि तिच्याच श्रीखंडासाठी आम्ही विज्ञान ओट्यावर काढून ठेवलं होतं!

दुपारी जेवणात श्रीखंडाच्या वाट्या भरल्या गेल्या. मी उभी राहिले.

“एक माहिती द्यायची आहे. हे श्रीखंड रात्रभर नमुन्यांच्या फ्रिजमध्ये होतं. खालच्या कप्प्यात गटाराच्या पाण्याच्या बाटल्या आहेत. हवं तर दाखवते.”

समितीच्या अध्यक्षांनी तोंडाशी नेलेला चमचा खाली ठेवला. कदम भिंतीकडे बघू लागले. मी वाडीचीही हकीकत सांगून टाकली.

“नमुने परत कधी घेणार?” अध्यक्षांनी विचारलं.

“गाडी मिळाली की.”

सरांचा चेहरा लालबुंद झाला, पण गाडी मिळाली. ड्यूक्स नोजसाठी ठरलेली तीच गाडी, तोच रस्ता. टेक्निशियनला घेऊन मी निघाले.

वाडीत टाकीपाशी बायजामावशी भेटल्या. त्यांचा नातू सलाइनवर होता.

“कालच नेलंत की पानी,” त्या म्हणाल्या. “आज परत का आलाव?”

सांगताना लाज वाटली, पण खरं ते सांगितलं. साहेबांचं श्रीखंड ठेवायला बाटल्या बाहेर काढल्या होत्या.

मावशी म्हणाल्या, “आन् आमाला सांगायला येता, सोच्छता पाळा म्हनून!”



नमुने बर्फात घालून आणले आणि लगेच तपासायला लावले. पाणी खराबच निघालं. रिपोर्ट गेला, टँकर आला. मावशींचा नातू घरी आला.

मला मेमो मिळाला, ‘मान्यवरांसमोर अशोभनीय वर्तन’. कँटीनला आठवड्याच्या आत नवा मोठा फ्रिज मिळाला. लॅबच्या दुसऱ्या फ्रिजची माझी मागणी अजून ‘विचाराधीन’ आहे.

एवढी वर्षं फायली ढकलून मला एकच गोष्ट समजली. वाडीतल्या पोरांचं पोट बिघडलं तर आधी रिपोर्ट लागतो. साहेबांचं पोट बिघडेल, अशी नुसती शंका आली तरी पुरते.