दोनदा वजा झालेली नळी

साकोलीच्या पुढं जंगलाला लागून गाव. तिथली रीना नागपुरात राहून धानाच्या तुसापासून काच बनवण्यावर संशोधन करायची. काचेवर क्ष-किरण सोडले की ते चहूकडं विखुरतात. त्या विखुरण्याच्या आकड्यांवरून अणू एकमेकांपासून किती अंतरावर बसलेत, याचा आलेख काढणारा प्रोग्राम तिनं स्वतः लिहिला होता.

दिवाळीला घरी येताना तिनं त्याची नवी आवृत्ती भुपेंद्रला दिली. तो प्रयोगशाळेतला तिचा सिनियर. तिचे नमुने घेऊन परराज्यातल्या मोठ्या यंत्रावर गेला होता. आलेख बिघडलेला दिसला तर नमुना भट्टीत आणखी तापवायचा, असं ठरलं होतं.

दिवस कलता कलता रीना ओसरीवर लॅपटॉप घेऊन सहज एका जुन्या नमुन्याचे आकडे नव्या आवृत्तीत घालून बघत बसली. आलेखातलं सिलिकॉन-ऑक्सिजनच्या अंतराचं उंच शिखर पार खचलं होतं. नमुना काचेच्या नळीत भरतात, म्हणून रिकाम्या नळीचे आकडे वजा करावे लागतात. नव्या आवृत्तीत ते दोनदा वजा होत होते! म्हणजे तिकडं भुपेंद्रला चांगली काचही बिघडलेलीच दिसणार, आणि तो ती जास्त तापवून वाया घालवणार.

घरात रेंज नव्हती. रेंज मिळायची ती तलावाच्या मातीच्या उंच पाळीवर, आणि परवाच तिथून वाघानं बकरी उचलली होती.

"कोठी चालली?" आई कुंताबाईनं हटकलं.

"पाळीवर. फोन करा लागते."

"येडी झाली का? वाघ फिरून राहिला तिकडं!"

"माय, भुपेंद्रदादा माह्या चुकीनं सारे नमुने जाळून टाकंल!"

कुंताबाईनं कोपऱ्यातली काठी घेतली. दुसऱ्या हातात बडवायला जर्मनचं गंज, ॲल्युमिनियमचं पातेलं, घेतलं. "चाल. मांगं नोको राहू."

वाटभर माय गंज बडवत होती. रीनाला मात्र त्या आवाजाचीच भीती वाटत होती. त्यात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. पाळीवर चढल्यावर फोन लागेना. खाली बेशरमाच्या झुडपात काहीतरी खसखसलं. कुंताबाईनं गंज बडवणं थांबवलं नाही.

फोन लागला. "दादा, थांबा! आलेख खोटा आहे, जुनी आवृत्ती लावा!"

पलीकडं भट्टीचं दार आपटल्याचा आवाज आला. मग भुपेंद्र म्हणाला, "एक नमुना तापवला गं मी. दुसरा आत्ता भट्टीत ठेवतच होतो."

रीना मटकन खालीच बसली. झुडपातून दोन रानडुकरं निघाली आणि धानाच्या बांधीत उतरली. तरी तिला उठवेना. कुंताबाईनं तिला बखोट्याला धरून उभं केलं.

गेलेला नमुना तिनं पुढं उन्हाळ्यात पुन्हा बनवला. त्याचा आलेख पडद्यावर उमटेपर्यंत तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. शिखर जागेवर होतं. तिनं नळीची वजाबाकी कागदावर पुन्हा करून पाहिली, आणि मगच पाळीवर येऊन थांबलेल्या आईला फोन लावला.