मशीनला न दिसलेली मालगाडी

अठ्ठावन्न डब्यांची मालगाडी आमच्या नाकासमोरून धडधडत गेली. टेबलावरचा चहा निम्मा बशीत आला, मोठ्या साहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, आणि माझ्या स्क्रीनवर आलं : नो ट्रेन डिटेक्टेड.

साहेबांनी चष्मा वर ढकलला. "तुमच्या मशीनच्या मते गाडी अजून यायची आहे का?"

"सर, एक मिनिट," मी म्हणालो. नोकरीत हे वाक्य मी इतक्या वेळा म्हणालोय, की ती सगळी मिनिटं जोडली तर दोन रिटायरमेंट भरतील.

प्रकरण असं. ब्रेक जाम होऊन चाक रुळावर घसरत गेलं की एका जागी घासून सपाट होतं. त्याला फ्लॅट व्हील म्हणतात. मग ते दर फेऱ्याला रुळावर घण घालतं. वेळीच सापडलं नाही तर रूळ तडकतो, आणि मागून पॅसेंजर येत असते. हा दणका मोजायला लोणंदच्या अलीकडे मी रुळाच्या कुशीला नखाएवढे बारा सेन्सर चिकटवले होते, वरून पाणी लागू नये म्हणून काळा लेप. चाक गेलं की रूळ केसभर वाकतो, सेन्सरला ते कळतं, आणि कितव्या डब्याचं चाक खराब आहे ते स्क्रीनवर येतं. त्या दिवशी डेमो होता. जमला तर हे मशीन पुढे मिरजेपर्यंत लागणार होतं. फसला तर ते गुंडाळायचं, आणि मला फायलींच्या खोलीत बसवायचं.

मी रुळाकडे पळालो. रूळ असा लखलखत होता की त्यात बघून दाढी करावी. खालचे दगडसुद्धा चुन्यानं पांढरेशुभ्र. आणि शेजारी रुळावरच्या गँगचे मुकादम हणमंतराव, पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर होऊन रेल्वेत आलेले, सावधानमध्ये उभे. हातात तारेचा ब्रश.

"मुकादम, इथं काळं काळं होतं ते?"

"काढलं की, साहेब. कुणीतरी डांबराचं गोळं चिकटवलं हुतं. बारा हुतं. लय चिवट. फाटेपासनं घासतुय."

सेन्सर बसवले तेव्हा हणमंतराव पोरीच्या लग्नाच्या रजेवर होते. परत आल्यावर त्यांना एवढंच कळलं, की मोठा साहेब येणार. पलटणीत साहेब येणार म्हटलं की झाडाच्या बुंध्यापासून बादलीच्या कडीपर्यंत सगळं पांढरं होतं. माझं सहा महिन्यांचं काम त्या माणसानं एका सकाळीत चकाचक करून टाकलं होतं.

मी खडीवर बसणार, तेवढ्यात रुळाखालच्या स्लीपरच्या ढिगावरून शिकलगारचाचा उतरले. गाडीची चाकं तपासण्यात त्यांची हयात गेलेली, रिटायर व्हायला महिना उरलेला. लोणंदच्या बाजारात बंद पोत्यातला किडका कांदा ते पोतं आपटल्याच्या आवाजावरून सांगत, असं गँगमधले म्हणत. मी तर म्हणतो, शेतकऱ्याचं नावही सांगत.

"साहेब, गाडी थांबवा. मधल्यात एक चाक मारतंय. इंजिनापासनं एकतिसावा डबा, न्हाईतर बत्तिसावा."

पुढचं स्टेशन दहा मिनिटांवर. मागं पॅसेंजर. चाचांचं चुकलं तर लाईन उगाच अडकणार, आणि फायलींच्या खोलीत मला खुर्चीसुद्धा मिळणार नाही.

"चाचा, नक्की?"

"आकड्यात एखाददुसरा चुकंल. चाकात न्हाई."

मी फोन उचलला. साहेब मागे येऊन उभे होते. "कशाच्या आधारावर थांबवताय?"

"सर, बॅकअप सिस्टीमनं अलार्म दिलाय."

"कसली सिस्टीम?"

"ऑडिओ."

साहेबांनी भुवई उचलली, पण मला अडवलं नाही.

मग आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. मुकादम तेवढ्यात उरलेल्या दगडांना चुना मारत होते. अर्ध्या तासानं फोन आला. एकतिसाव्या डब्याचं चाक, तळहाताएवढं सपाट. डबा गाडीतून सोडवून बाजूला काढला होता.

साहेबांनी चाचांच्या फुगलेल्या गालाकडे बघितलं. "ही तुमची ऑडिओ सिस्टीम तंबाखू खाते वाटतं."

"खाते, सर. पण गाडी आली की थुंकून घेते."

साहेब पहिल्यांदा हसले. मला तीन महिने मिळाले, अट एकच : रिटायर होईपर्यंत चाचांनी मशीनशेजारी बसायचं, आणि स्क्रीनच्या आधी डब्याचा नंबर कागदावर लिहायचा. नवे सेन्सर लागले, सामना सुरू झाला. पहिला आठवडा चाचांनी मारला. दुसऱ्यात बरोबरी. शेवटच्या दिवशी मशीननं एक इतकं थोडं घासलेलं चाक पकडलं, की चाचांचा कागद कोरा राहिला. त्यांनी मशीनच्या पेटीवर थाप मारली. "आता जातो मी. ह्याला ऐकू यायला लागलं."

मशीन मिरजेपर्यंत लागलं. प्रत्येक जागी मी लाल अक्षरांत बोर्ड लावला : सेन्सरला हात लावू नये. पुढच्या इन्स्पेक्शनला लोणंदला गेलो. सेन्सरला खरंच कुणी हात लावला नव्हता. बोर्ड मात्र अक्षरांसकट पांढराशुभ्र होता.

नव्या इंजिनिअरांना मी एवढंच सांगतो. सेन्सर कुठंही बसवा. साहेब येणार आहेत, हे मुकादमाला सांगू नका.