पन्नास वर्षांनी घरी गेलेला शिपाई

कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या धुराचा वास आला की मला हिवरखेडचं, थोरल्या काकूचं अंगण आठवतं. काका लढाईत बेपत्ता झाले त्याला बरीच वर्षं उलटली होती. शेवटी कणकेचा पुतळा करून त्यालाच अग्नी द्यायचा, असं घरच्यांनी ठरवलं आणि काकूही कशीबशी हो म्हणाली. भटजींची वाट पाहता पाहता गावातला एक निवृत्त फौजी सहज सांगू लागला, "आमी सोलनच्या पहाडात होतो, तिथं इंग्रजाच्या पलटणीतल्या एका आयरिश शिपायाची कबर होती म्हणे. इंग्रज तिकडं त्याच्या मुलखात जुलूम करून राहिले, हे कळल्यावर त्यानं छावणीतच बंड केलं. त्याले गोळ्या घातल्या. पन्नास वर्सांनी त्याच्या लोकायनं हाडं उकरून घरी नेली." चुलीत पऱ्हाटी सारणारा काकूचा हात थांबला. "पन्नास वर्सांनी?" तिनं विचारलं. तो हो म्हणाला. काकूनं पुतळ्यासाठी भिजवलेली कणीक पुढ्यात ओढली आणि तिच्या पोळ्या लाटायला घेतल्या. "मंग तुमाले एवढी घाई काहून झाली?" त्या पोळ्या आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या. गेल्या वर्षी काकू गेली. बायकांनी तिला सवाष्णीचा हिरवा चुडा भरला, कपाळभर कुंकू लावलं. तिच्या चितेजवळ उभा असताना मला तो आयरिश शिपाई आठवला. तो घरी पोचला तेव्हा त्याची वाट पाहणारं तिथं कोण उरलं असेल?